‘शेजारी’ : उशिरा धरलेला हात

बालपणीचे दोन मित्र, मध्येच पडलेली तेढ आणि शेवटी झालेली गळाभेट हा विनोदी चित्रपटांचा आवडता विषय. जात, धर्म वा वर्ण वेगळा असलेले दोघे एकमेकांची फजिती करतात, पुन्हा एक होतात आणि प्रेक्षक हसत घरी जातो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४१ मध्ये हाच विषय हाती घेतला. मात्र तो हसण्यावारी नेला नाही.

‘शेजारी’ या चित्रपटाचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, तर लेखक विश्राम बेडेकर. जिवबा पाटील आणि मिर्झा हे एका गावातले जिवलग शेजारी. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी त्या भूमिका साकारल्या. धरण बांधू पाहणाऱ्या एका धनिकाला गावाचा विरोध होतो. ही एकी मोडल्याशिवाय आपले काम होणार नाही, हे तो ओळखतो आणि दोघा मित्रांत वितुष्ट निर्माण करतो. अखेर धरण फुटते. त्या प्रलयात वैर गळून पडते आणि दोघे एकमेकांचा हात धरून मृत्यूला सामोरे जातात.

याच कथेवरील हिंदी ‘पडोसी’त हिंदू ठाकुराची भूमिका मझहर खान यांनी, तर मुस्लिम मिर्झाची जागीरदारांनी केली. १९४० च्या लाहोर ठरावानंतर देशात दुराव्याची भाषा वाढत असताना ही पात्रयोजना पुष्कळ काही सांगून जात होती.

व्यापारी घरांनी या कथेतली एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. भांडण धर्मावरून झाले असे गावाला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी तिसऱ्याचा नफा असतो. धान्य आणि कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या बार्शीसारख्या गावाला हे वेगळे सांगायला नको. शेतकरी, हमाल, मुनीम, अडत्या यांच्या जाती-धर्म वेगवेगळे. तरी व्यवहार चालतो तो शब्दावर. एकदा का संशय शिरला, की भिंतीला भिंत लागून असलेल्या दुकानांतले बोलणे बंद होते. आधी नमस्कार थांबतो, मग लग्नाची पत्रिका नोकराहाती जाते आणि पुढची पिढी तर भांडणाचे कारणही न जाणता अबोला चालवते.

अशा वेळी कानाशी आलेली गोष्ट खरी की खोटी, याआधी एक प्रश्न विचारावा : आम्ही दोघे तुटल्याने लाभ कोणाचा?

संवत्सरीला शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडं’ कळवले जाते. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही, त्याचे दार मात्र पुष्कळदा पलीकडच्याच भिंतीला असते. जिवबा आणि मिर्झा यांना ते अंतर ओलांडायला महापूर यावा लागला. शहाण्या माणसाने पाणी चढण्याची वाट पाहू नये.