पाखरीचा मुक्काम

आमचे गाव शिरूर. पण नुसते शिरूर म्हटले की पुण्याकडची मंडळी "म्हणजे घोडनदीचे ना?" असे विचारतात आणि बीडकडची मंडळी शिरूर कासारची एस. टी. दाखवतात. आमचे शिरूर लातूर जिल्ह्यातले, अनंतपाळाचे. आमच्या भागातली नदी घरणी, घोड नव्हे. घोड्याच्या नावाने आमच्याकडे आहे ती एकच, आमच्या परसात बांधलेली, आणि तीही तट्टू. एरवी या पानावर मी शब्दांच्या व्युत्पत्ती नाही तर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका घेऊन बसतो. दिवाळी अंकाला जागा जरा ऐसपैस असते, म्हणून यंदा घरचीच गोष्ट सांगतो.

पाखरी आमच्या घरी आली १९९९ च्या मार्गशीर्षात, माळेगावच्या यात्रेतून. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातले हे खंडोबाचे माळेगाव. तिथे घोडे, गाढवे, उंट यांचा जो बाजार भरतो तो ज्याने पाहिला नाही त्याला त्याची कल्पना देणे कठीण. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आबांबरोबर हौसेने गेलो होतो. व्यापाऱ्याने रुमालाखाली आबांची बोटे दाबली, आबांनी त्याची दाबली, दोघांनी माना हलवल्या, आणि तासाभराने आम्ही एका तांबड्या, कपाळावर चांदवा असलेल्या घोडीचे मालक झालो. किंमत काय ठरली ते आईला आजतागायत कळलेले नाही. व्यापाऱ्याने तोंड उघडून दात दाखवले आणि सांगितले, "चार वर्षांची हाय, मास्तर." म्हणजे आता तिशीच्या घरात आली. तट्टाच्या जन्मात ही माणसाची ऐंशी-पंच्याऐंशी समजा.

आबा शिक्षक. शाळा शेजारच्या गावी, शेत तिसरीकडे, आणि मोटारसायकल शिकायची नाही ही प्रतिज्ञा. त्यामुळे नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी पाखरीच्या पाठीवर काढली. शाळेच्या आवारातल्या लिंबाखाली ती दिवसभर उभी असे आणि शेवटची घंटा झाली की कान टवकारी. तिची जात कोणती, हे सांगता येत नाही. आबा तिला भीमथडी म्हणतात. भीमेच्या काठची ही तट्टे मराठ्यांच्या फौजेत होती, आजही मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगरांचा संसार पाठीवर वाहतात, आणि अलीकडे सरकारदरबारी त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. आमच्या पाखरीला त्या नोंदीत कोणी घेणार नाही. पण आबांपुढे हे बोलण्याची छाती माझ्यात नाही.

२०१६ सालचा उन्हाळा वाचकांना आठवत असेल. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती त्या वर्षीच्या १२ एप्रिलला. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी आले आणि माणसे ते नुसते पाहायला स्टेशनवर गेली. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीने तळ दाखवला होता. आबा स्वतःची आंघोळ दिवसाआड करीत आणि घोडीच्या दोन घागरी चुकवीत नसत. दादाने एकदा विकण्याची गोष्ट काढली. आबांनी उत्तर दिले नाही. दोन दिवस ते जेवायला आमच्या पंगतीला बसले नाहीत, एवढेच.

हे सगळे सांगायचे कारण मागल्या आषाढात घडलेला प्रसंग. दादाने फोनवर सांगितले की पाखरी वाळत चालली आहे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दिसते, पुढच्या डाव्या पायाने लंगडते. घरामागचा माळ, जिथे ती वर्षानुवर्षे मोकळी चरली, तो विकला गेला होता. तिथे आता प्लॉट पडले आहेत आणि प्रत्येकाला तारेचे कुंपण. परसात पावसाने काळ्या मातीचा राडा झाला होता. त्यात ती दिवसभर खुंट्याला उभी.

मी रविवारी गेलो. अक्का आणि दाजीही आले होते. दाजींचे शेत साकोळच्या बाजूला, तलावापासून जवळ. पाऊस झाला की तिथे गुडघाभर गवत उभे राहते. दाजी मनाने मोठे. म्हणाले, "मास्तर, तुम्ही काही बोलू नका. उद्या टेंपो आणतो, घेऊन जातो. महिनाभरात हत्तीण करून दाखवतो." दादाला ते पटले. अक्काला पटले. मला तर फारच पटले. हिरव्या कुरणात म्हातारी घोडी, मागे पाण्याची रेघ, वर ढग, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. शहरात राहणाऱ्या माणसाला गावाकडची चित्रे फार लवकर दिसतात.

आबा गप्प होते. त्यांना पटवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीला गेलेले पत्र मी वर्गात शिकवतो. ते मी काढले. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळाल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्यातला आशय. मी म्हटले, "आबा, महाराजांनासुद्धा घोड्याच्या वैरणीची एवढी काळजी. इथे वैरण नाही, तिथे आहे. मग?"

आबा म्हणाले, "त्या पत्रात घोडी हलवा असं कुठं लिव्हलंय? आहे ती वैरण नीट वापरा असं लिव्हलंय. दिव्याची वात उंदीर नेईल आणि गंजी पेटेल, इतकं बारीक लिव्हलंय. तू पाखरीचं तोंड तरी उघडून बघितलंस का?"

मी एम. ए. आहे आणि ते पत्र पंधरा वर्षे शिकवतो आहे. पण आबांचा मुद्दा बिनतोड होता.

तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावले. तरुण मुलगा, पण हात सराईत. त्यांनी पाखरीची जीभ बाजूला धरून बॅटरीच्या उजेडात आम्हांला आतले दाखवले. दाढा झिजून तिरप्या झालेल्या, दोन पडलेल्या, उरलेल्यांच्या कडा चाकूसारख्या. मग त्यांनी खुंट्याजवळचे ओल्या गवताचे चार-पाच बोळे काठीने पुढे सारले. आम्ही रोज ते पाहत होतो आणि झाडून टाकत होतो. डॉक्टर म्हणाले, "हे तिनं चावून टाकलेलं आहे. चावता येत नाही, गिळता येत नाही, म्हणून टाकते. तुम्ही तिला गुडघाभर गवतात नेऊन सोडलीत तरी ती गवतात उभी राहून उपाशी राहील."

दाजींचा चेहरा उतरला. कोणाच्या औदार्याला असे तोंडावर नको म्हणणे वाईटच. डॉक्टरांनी मग समजावून सांगितले, आणि मला ते इतके नवे होते की मी पाठच्या कागदावर टिपून घेतले. गाई-म्हशीला चार कप्प्यांचे पोट आणि रवंथाची सोय. घोड्याला पोट एक आणि लहान. गवताचा धागा कुजवून त्याचे अन्न करण्याचे काम पुढे मोठ्या आतड्यात सूक्ष्म जंतू करतात. त्यांना ज्या चाऱ्याची सवय, तोच पचतो. चारा एकाएकी बदलला की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला ओकारी काढता येत नाही, म्हणून साधा पोटशूळही त्याच्या जिवावर बेततो. पावसाळ्यातल्या लुसलुशीत गवतात साखर जास्त. ती बाधली की खुराच्या आतला जिवंत थर सुजतो. आपल्या नखाखाली ठणका लागावा तसे, पण साऱ्या अंगाचा भार त्यावर. पाखरीचे लंगडणे त्याच वाटेवरचे असावे अशी त्यांना शंका होती. आमच्या गावात कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ लागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण हिरवेगार गवतही घोड्याच्या मुळावर येते, हे घरात फक्त आबांना ठाऊक होते, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

"मग हलवायचंच नाही?" दादाने विचारले.

डॉक्टर म्हणाले, "असं मी म्हणत नाही. इथल्या चिखलात तिचे पाय जातील. पण न्यायची तर घाई नको. तिथलं गवत आधी वाळवून इथं आणा, थोडं थोडं मिसळा, दहा-पंधरा दिवस बघा. आणि बरोबर ओळखीचं एखादं जनावर न्या. या वयात एकटी सोडली तर खाणं सोडते." मग त्यांनी कानशीने दाढांच्या कडा घासल्या, जंताचे औषध दिले आणि खाणे लिहून दिले: कडब्याची अगदी बारीक कुट्टी भिजवून, त्यात गव्हाचा कोंडा, हरभऱ्याची भिजवलेली भरड मूठभर, एका वेळी थोडे, दिवसातून पाच वेळा, गूळ अजिबात नाही. आबा तिला रोज गुळाचा खडा देत. ते तिकडे पाहू लागले.

दाजी शब्दाचे पक्के. एक दिवसाआड मोटारसायकलीला वाळल्या गवताचा भारा बांधून येत राहिले. नागपंचमीपर्यंत पाखरीच्या बरगड्या थोड्या बुजल्या. मी लातूरहून फोन करी, दादा म्हणे, "सुधारतेय." पुढच्या वेळी गेलो तेव्हा पुन्हा बैठक बसली. दादाचे म्हणणे, आता तिला तिथल्या गवताची सवय झाली, आता न्यावी. माझे म्हणणे, गवत इथे येऊ शकते तर घोडीने तिथे का जावे? बोलता बोलता आम्ही दोघे भाऊ आवाज चढवू लागलो. अक्का म्हणाली, आबांचं वय बघा, ती गेली तर आबा खाणं सोडतील. आबा म्हणाले, "माझं राहू द्या. घोडीचं बोला."

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात कुट्टीची बादली. वरच्या पट्टीत त्या कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, दिवसातून पाच वेळा, म्हणजे पहिली वेळ पहाटे पाचला आणि शेवटची रात्री दहाला. दोन महिने झाले."

आम्ही सगळे गप्प झालो. त्यांचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात हे मला ठाऊक होते; म्हणजे कोणीतरी कधीतरी फोनवर सांगितले होते. परसातल्या राड्यातून भरलेली बादली घेऊन जाताना त्या श्रावणात एकदा घसरून पडल्या, हे मात्र मला त्या दिवशीच कळले.

आबा हळूच म्हणाले, "सूनबाई, तुला जड झालं असंल तर जाऊ दे तिला. मी काही म्हणणार नाही."

"जड झालं असं मी म्हणाले नाही, मामा," वहिनी म्हणाल्या. "मला कुणी विचारलं नाही असं म्हणाले." आणि बादली घेऊन परसात गेल्या, कारण दुपारची वेळ झाली होती.

त्या परत आल्यावर आम्ही विचारले. त्यांचे उत्तर तयार होते. महिनाभरापासून तयार असावे. साकोळला नको. अक्काच्या घरी तीन लहान मुले आणि सासूबाई अंथरुणावर. दाजी गवत देतील, पण पाच वेळा बादली अक्काच उचलणार. परसातही नको. जुन्या विहिरीजवळचे आपले खळे उंचावर आहे, जमीन टणक, पाणी निचरते, तिथे म्हशीचा गोठा आहे. घरापासून दोनशे पावले. तिथे पत्रा टाकावा. पहाटेची बादली आबांनी द्यावी, तसेही ते चारला उठून बसतात. रात्रीची दादाने. मधल्या तीनपैकी दोन वेळांना एक पोऱ्या ठेवावा आणि त्याचा पगार, हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले, भाऊजींनी द्यावा. महाराजांच्या पत्रावर मी एवढे बोललो होतो. नाही म्हणण्याची सोय उरली नव्हती.

भाद्रपदात उघडीप मिळाली तशी पत्रा पडला आणि पाखरीला हलवले. दोनशे पावलांना पाऊण तास लागला. वाटेत ती तीनदा थांबली. एकदा ज्या तारेच्या कुंपणापलीकडे तिचा माळ होता तिथे. आबा दोर सैल धरून उभे राहिले, तिला ओढले नाही. खळ्यावर म्हैस दिसली तेव्हा तिने कान पुढे केले. ती दोघी दहा वर्षांच्या शेजारणी.

पण संध्याकाळी नवीनच अडचण. नव्या सिमेंटच्या हौदातले पाणी तिने हुंगले आणि तोंड फिरवले. पाणी त्याच विहिरीचे, तरीही नाही. रात्री आठपर्यंत थेंब नाही. कुट्टी खाल्लेली, वर पाणी नाही, आणि डॉक्टरांनी पोटशुळाची भीती घालून ठेवलेली. दादा फोन लावू लागला. मी हौदात हात घालून पाणी हलवून दाखवू लागलो, जसे काही ती माझ्या वर्गातली विद्यार्थिनी होती. तेवढ्यात वहिनी परसातून ती जुनी, एका बाजूला चेपलेली पत्र्याची बादली घेऊन आल्या. हौदातलेच पाणी तिच्यात भरले आणि पुढे ठेवले. पाखरी आधी बादलीला, मग वहिनींच्या पदराला हुंगून अर्धी बादली प्याली.

दसऱ्याला आबांनी तिला झेंडूची माळ घातली. त्यातली चार फुले तिने खाल्ली आणि तीही धड चावता आली नाहीत, म्हणून टाकली. ती लंगडते अजून, पण कमी. थंडीत काय होते ते पाहायचे आहे. दाजींचा भारा अजून येतो. परवा त्यांनी बाजारातून नवी प्लॅस्टिकची बादली आणली, तर वहिनींनी ती धुण्याला ठेवून घेतली आणि चेपलेली आहे तिथेच राहू दिली.