मोडीचे वाहन : वजन आणि मोल

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या वाटेवर वसलेल्या तळेघर परिसरात पाऊस उदंड पडतो. भातखाचरांना तो वरदान असला, तरी उघड्यावर उभ्या असलेल्या नादुरुस्त ट्रॅक्टरला वा जीपगाडीला तोच खाऊन टाकतो. पत्रा गंजून झडतो आणि त्याबरोबर मालकाचा पैसाही मातीस मिळतो. दुरुस्तीपलीकडे गेलेले वाहन वर्षानुवर्षे पडू देणे व अखेर भंगारवाल्यास उक्ते देऊन टाकणे, या दोन्ही रीती शेतकऱ्यांनी सोडणे इष्ट आहे.

मोडीच्या वाहनाचे मोल मुख्यतः वजनावर ठरते. नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचे रिकामे वजन नमूद असते. तेथूनच हिशेबास आरंभ करावा. त्यातून टायर, आसने, तेल इत्यादींचे वजन वजा होते. ट्रॅक्टरच्या मागील टायरांत भरलेल्या पाण्याला लोखंडाचा भाव मिळत नाही. समजा, १,८०० किलोंच्या ट्रॅक्टरमधून २०० किलो वजा झाले व किलोस २५ रुपये भाव मिळाला, तर ४०,००० रुपये होतात. अंदाजात १०० किलोंची चूक झाली, तरी २,५०० रुपये बुडतात. म्हणून सौदा भुईकाट्याच्या पावतीवरच व्हावा.

तथापि, सर्व वजन एका भावाचे नसते. बिडाचे जड भाग, पातळ पत्रा, तारांतील तांबे व बॅटरीतील शिसे यांचे भाव निरनिराळे असतात. ते वेगळे धरावेत.

एकट्या वाहनाची मंचरकडील वाहतूक परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु आसपासच्या वाड्यांतील तीन-चार मालकांनी एकत्र सौदा केल्यास तो खर्च वाटला जाईल.

पैशाहून महत्त्वाची बाब नोंदणीची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार, कायमचे निकामी झालेल्या वाहनाची खबर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास द्यावयाची असते. २०२१ च्या नियमांन्वये नोंदणीकृत मोडणी केंद्र वाहन स्वीकारल्याचे ठेव प्रमाणपत्र देते. अशा प्रमाणपत्राविना व नोंदणी रद्द न करता दिलेले वाहन कागदोपत्री मूळ मालकाच्याच नावे राहते. पुढे त्याचा गैरवापर झाल्यास जाब त्यालाच विचारला जातो. चार पैसे अधिक देणाऱ्या, पण कागद न देणाऱ्या गिऱ्हाइकाचा मोह म्हणूनच घातक होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच हा हिशेब शेतकऱ्यांस समजावून द्यावा. वजन काट्यावर, भाव धातूनुसार आणि व्यवहार कागदावर, एवढे पथ्य पाळले, तर मोडीचे वाहनही घरधन्यास योग्य मोल देऊन जाईल.