तलवारीचे वय

खोटी सही ओळखायला मला बँकेतल्या एका जुन्या हेडकॅशियरने शिकवले. ते म्हणत, "साहेब, खरी सही माणूस घाईत करतो, खोटी सावकाश." गेल्या खंडेनवमीला धाकट्या मेहुण्याने त्याची नवी 'पेशवेकालीन' तलवार पुढे ठेवली तेव्हा हेच आठवले. निवृत्तीच्या पैशातले साठ हजार त्याने तिच्यापायी मोजले होते.

पाते टोकापासून मुठीपर्यंत एकसारखे गंजलेले. गंज नारिंगी, बोटाला लागणारा. तेजाब लावला की असा गंज झटपट चढतो. जुना गंज काळपट, घट्ट, खड्ड्यांत रुतलेला असतो. मूठ जिथे हाताने झिजायला हवी तिथे कोरी, नक्षीच्या खाचांत मात्र मळ भरलेला. पोलादाचे जौहर पोलादातच असते. इथे ते वरून रेखले होते. म्हातारपण अंगावर सगळीकडे सारखे येत नाही, मग लोखंडावर कसे येईल?

शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू विकण्याचा धंदा करायला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो. विक्रेत्याने परवाना दाखवला नव्हता, पावतीही दिली नव्हती. दिली होती ती फक्त पानिपतची गोष्ट.

मी विचारले, "आणि आबांची तलवार? दरवर्षी पूजेत असायची ती?"

मेहुणा खाली बघत म्हणाला, "दाजी, ती फार गंजली होती. दिवाळीत भंगारात दिली."

वाचकहो, इतिहास विकत आणायला निघण्यापूर्वी एकदा आपल्या घरचा माळा बघा.