मॉस्को व्हाया कुर्डुवाडी

शनिवारी रात्री नवीन पनवेलच्या फ्लॅटवर बसून मी मॉस्को जवळजवळ घेतलंच होतं! गॅरी ग्रिग्सबीचा 'वॉर इन द ईस्ट', 1941ची मोहीम. रणगाडे टकाटक, पेट्रोल मात्र मागेच. का? रशियन रूळ 1524 मिलिमीटरचे, जर्मन गाड्या 1435च्या. रूळ बदलणारी पथकं गोगलगायीसारखी सरकतात, आणि मी त्यांना चक्क विसरलो.

आजोबा खो खो हसले. त्यांनी कुर्डुवाडी पाहिलेली. 1897ची बार्शी लाइट रेल्वे 762वर, मेन लाइन 1676वर; पोती हमालांच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात.

"तुझ्या गेममध्ये हमाल किती रे?"

एकही नाही, राव. नुसता सप्लायचा आकडा घसरतो.

रविवारी पुन्हा डाव मांडलाय. आधी रूळ.