‘काहीच बरोबर नाही’ची किंमत

सबमिशन जवळ आलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे जर्नलसाठी पळापळ, आणि दुसरी म्हणजे कोडी. व्हॉट्सअॅपवर कुठून तरी नंबर लॉकचं चित्र येतं. खाली तीन रिकामे चौकोन, बाजूला चार-पाच संकेत, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे फक्त जिनियस लोकच सोडवू शकतात! मग रात्री बारा वाजता मेसच्या पायऱ्यांवर चार डोकी एका मोबाईलवर वाकलेली दिसतात. ज्याला उत्तर येतं त्याची कॉलर ताठ होते. ज्याला येत नाही तो “टाइमपास आहे रे सगळा” म्हणत झोपायला जातो.

मित्रमैत्रिणींनो, माझं म्हणणं असं आहे की हे कोडं जिनियस लोकांसाठीही नाही आणि टाइमपासही नाही. ते आपल्या जर्नलबद्दल आहे! हसू नका, आधी एक कोडं सोडवून बघू. कुलपाचा कोड तीन आकडी आहे, तिन्ही आकडे वेगवेगळे आहेत. कुणीतरी पाच वेळा प्रयत्न केला, त्याचे हे निकाल :

(१) ७४६ : एक आकडा बरोबर, जागाही बरोबर.
(२) ५७९ : दोन आकडे बरोबर, पण दोन्ही चुकीच्या जागी.
(३) ४८२ : एक आकडा बरोबर, पण जागा चुकीची.
(४) ३५० : एक आकडा बरोबर, पण जागा चुकीची.
(५) ९६१ : काहीच बरोबर नाही.

बहुतेक जण पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात आणि अडकतात. “समजा ७ बरोबर आहे... नाही, समजा ४...” असं करत कागद भरतो. खरं तर सुरुवात शेवटून करायची. पाचवी ओळ सांगते की ९, ६ आणि १ कोडमध्ये नाहीतच. आता दुसरी ओळ बघा. तिथे दोन आकडे बरोबर आहेत आणि ९ तर गेला. म्हणजे ५ आणि ७ नक्की आहेत. पहिल्या ओळीत एकच आकडा बरोबर आहे, तो अर्थातच ७. त्याची जागाही बरोबर, म्हणून ७ पहिला. आणि त्याच ओळीतला ४ बाद. चौथ्या ओळीतला बरोबर आकडा ५, पण मधली जागा चुकीची. पहिली जागा ७ ने घेतली आहे, म्हणजे ५ शेवटी. राहिली मधली जागा. तिसऱ्या ओळीतला ४ गेला, उरले ८ आणि २. तिथे ८ मध्येच बसला आहे आणि ती जागा चुकीची आहे, म्हणून ८ मध्ये येऊ शकत नाही. राहिला २. कोड : ७२५.

कुठेही अंदाज नाही, नशीब नाही. तीन वेगवेगळ्या आकड्यांचे एकूण कोड होतात ७२०. त्यातला ७२५ बरोबर आहे हे सांगणं सोपं आहे, उरलेले ७१९ का नाहीत हे सांगता येणं म्हणजे कोडं सुटणं. नुसतं उत्तर तर शेजारच्या रूममधूनही मिळतं!

आता खरी गंमत. पाचवी ओळ वाचून बहुतेकांना वाटतं, हा प्रयत्न फुकट गेला. तीनपैकी एकही आकडा लागला नाही, म्हणजे भोपळा. पण जरा हिशोब करा. ‘काहीच बरोबर नाही’ असं कळलं की उरलेल्या सात आकड्यांतून तीन निवडायचे, म्हणजे ७ गुणिले ६ गुणिले ५, फक्त २१० कोड शिल्लक राहतात. आणि ‘एक आकडा बरोबर, पण जागा चुकीची’ असं कळलं तर? बरोबर आकडा तीनपैकी कुठलाही असू शकतो, त्याला दोन जागा मोकळ्या, आणि बाकीच्या दोन जागांवर उरलेल्या सातातले दोन आकडे : ३ गुणिले २ गुणिले ४२, म्हणजे २५२. एकट्याने पाहिलं तर पूर्ण फसलेला प्रयत्न अर्धवट जमलेल्या प्रयत्नापेक्षा जास्त सांगून जातो! मला हे पहिल्यांदा मांडताना खरंच वाटेना, म्हणून सगळ्या शक्यतांची बेरीज करून पाहिली. ती बरोबर ७२० येते.

ही गोष्ट मोठ्या लोकांनाही दिसलेली आहे. मास्टरमाइंड नावाचा रंगीत खुंट्यांचा खेळ आपल्यापैकी काहींनी लहानपणी खेळला असेल. सहा रंग, चार भोकं, एकूण १२९६ कोड. कॉम्प्युटरवाल्यांचे देव डोनाल्ड नुथ यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की कुठलाही कोड जास्तीत जास्त पाच प्रयत्नांत सापडतोच. त्यांच्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, कधी कधी पुढची चाल अशी खेळायची की जी उत्तर असूच शकत नाही हे आपल्याला आधीच माहीत असतं. का? तर तिच्यातून सगळ्यात जास्त माहिती मिळते म्हणून. आपल्याकडे असं कुणी केलं तर “अरे, डोकं ठिकाणावर आहे का?” म्हणतील.

आता आपल्या कोड्यात एक छोटीशी लबाडी करू. समजा ९६१ हा प्रयत्न करणाऱ्याला ‘काहीच बरोबर नाही’ असं लिहायची लाज वाटली. चार ओळींत काही ना काही बरोबर आहे आणि ह्याच ओळीत भोपळा, बरं दिसत नाही ना! म्हणून त्याने ही ओळच खोडून टाकली. काय होतं? कोड एक राहत नाही, दोन होतात : ७२५ आणि ९४५. हातच्या कांकणाला आरसा कशाला, ९४५ पहिल्या चार ओळींशी स्वतःच ताडून बघा, चारही चपखल बसतात.

आणि समजा तो आणखी पुढे गेला. ओळ खोडण्याऐवजी त्याने ती ‘सुधारली’. ‘काहीच बरोबर नाही’च्या जागी लिहिलं, ‘एक आकडा बरोबर, जागाही बरोबर’. आता कोडं पुन्हा सुटतं, उत्तर पुन्हा एकच येतं, पण ते येतं ९४५! प्रत्येक पायरी तर्कशुद्ध, कुठे विसंगती नाही, पाचही ओळी समाधानाने माना डोलावतात. फक्त कुलूप उघडत नाही.

हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. आपण समजतो की आकड्यांत खोटं घुसलं तर लॉजिक ते पकडेल, कुठेतरी गडबड दिसेलच. नाही दिसत. लॉजिक हा प्रामाणिक नोकर आहे. हातात जे द्याल ते घेऊन तो सरळ शेवटपर्यंत चालत जातो.

आता या जर्नलकडे. यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड ताणताना तो पकडीत जरासा सरकला, तर ग्राफ सुरुवातीला सरळ न येता वाकतो. तो वाक म्हणजे आपली ‘काहीच बरोबर नाही’ची ओळ. तो सांगत असतो की बाबांनो, रॉड नीट धरलेला नाही, या भागातल्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका. पण फेअर जर्नलमध्ये तो वाक सापडतो का? तिथे पट्टी लावून काढलेली सुंदर सरळ रेघ असते. पूर्ण बॅचची रेघ सारखीच, उत्तरही पुस्तकातलं. अशा जर्नलांचे गठ्ठे दर सेमिस्टरला सही होऊन कपाटात जातात. त्यातली किती कुलपं खरंच उघडतात?

“अगं, एका रीडिंगने काय होतंय?” असं विचारणाऱ्यांसाठी एक घडलेली गोष्ट सांगते. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत आकाशातच मोडलं आणि सातही अंतराळवीर गेले. कारण होतं बूस्टरच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग. कडाक्याच्या थंडीत ती ताठर झाली आणि सांधा नीट बंद राहिला नाही. आदल्या रात्री काही इंजिनिअर्स थंडीत उड्डाण नको म्हणत होते. पण त्या चर्चेत आधीची फक्त तीच उड्डाणं पाहिली गेली ज्यांत रिंगांना इजा झाली होती. ती इजा थंड हवेत झाली होती तशी उबदार हवेतही झाली होती, त्यामुळे तापमानाचा संबंध ठामपणे दिसेना. ज्या उड्डाणांत काहीच झालं नव्हतं ती बाजूलाच राहिली. नंतर चौकशी आयोगाने सगळी उड्डाणं एकत्र मांडली, तेव्हा चित्र लख्ख झालं. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजा होती, आणि ६३ किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत होती. माहिती कागदावर होतीच. ‘काहीच झालं नाही’ ही ओळ कुणाला महत्त्वाची वाटली नाही, एवढंच.

तिथे कुणी लबाडी केली नव्हती, हे लक्षात घ्या. नुसती ‘निरुपयोगी’ वाटणारी ओळ वगळली तरी इतकं होऊ शकतं. मग आपण तर ती ओळ पट्टी लावून सरळ करतो!

सगळा दोष मुलांच्या माथी मारणं मात्र बरोबर नाही. वाकडा ग्राफ घेऊन गेलं तर “पुन्हा लिहून आण” ऐकायला मिळतं आणि सरळ ग्राफला लगेच सही मिळते, असा अनुभव असला की माणूस दोन दिवसांत शहाणा होतो. चाळीस जर्नलं एका दुपारी तपासायची म्हटल्यावर तपासणाऱ्यांचीही अडचण समजते. पण यातून शिकतो काय आपण? उत्तर माहीत असेल तर संकेत मागाहून बनवता येतात, हे! कोडं सोडवण्याच्या बरोब्बर उलट.

म्हणून सर आणि मॅडम लोकांना एक नम्र सूचना. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी अर्धं पान ठेवा, मथळा ‘न जुळलेलं रीडिंग’. त्यात ते रीडिंग जसंच्या तसं पेनाने लिहायचं, आणि खाली दोन ओळींत ते का आलं असेल आणि त्यावरून कुठली शक्यता बाद होते ते मांडायचं. टर्मवर्कचे दोनच मार्क त्याला द्या. व्हायवाला ‘डेफिनिशन सांग’ ऐवजी ‘हे रीडिंग का फसलं?’ विचारा. हे पान शेजाऱ्याचं बघून लिहिता येणार नाही, कारण प्रत्येकाचा रॉड वेगळ्या वेळी सरकतो! आणि आपण मुलांनी काय करायचं? सोपं आहे. खोडरबर थोडं दूर ठेवायचं.

“कोड्यातले संकेत खरे असतात हे गृहीतच धरलेलं असतं, खऱ्या आयुष्यात असं कुठे असतं?” असा प्रश्न कुणी विचारेल. अगदी मान्य. खऱ्या आयुष्यात संकेत कुणी छापून देत नाही, ते आपणच लिहितो. म्हणून तर ते नीट लिहायची जबाबदारी आपल्यावर आहे. पुढे आपल्यापैकी कुणी पुलाच्या साइटवर असेल, कुणी बॉयलरजवळ, कुणी बँकेच्या सॉफ्टवेअरवर. तिथे आपली नोंद वाचून दुसरा कुणी पुढची पायरी ठरवणार आहे. तो कितीही हुशार असला तरी आपण ‘सुधारलेल्या’ ओळीवरून तो ९४५ वरच पोहोचेल.

असो. भाषण पुरे. जाता जाता एक गृहपाठ : वरच्या कोड्यातली फक्त चौथी ओळ झाकून बघा. आता किती कोड उरतात, आणि कुठले? उत्तर रूम पार्टनरला सांगा, पण नुसता आकडा सांगू नका. बाकीचे का नाहीत, तेही सांगा.