दोघेही सारखेच? मुळीच नाही

परवा भाच्याने आग्रहाने ‘इंटरव्ह्यू’ नावाचा इंग्रजी सिनेमा दाखवला. २००७ सालचा. दिग्दर्शक स्टीव्ह बुशेमी, नायकही तोच. जेमतेम दीड तासाचा आणि जवळजवळ सगळा एका घरात घडणारा. संपल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, दोघंही सारखेच लबाड, नाही का गं?" मी म्हटले, मुळीच नाही. चहा गार झाला तरी वाद मिटला नाही, म्हणून लिहायला बसले.

(शेवट सांगणार आहे, मागाहून ओरडू नका.) पिअर हा राजकारणावर लिहिणारा पत्रकार. त्याला न्यूयॉर्कमध्ये काट्या नावाच्या लोकप्रिय नटीची मुलाखत घ्यायला पाठवतात. हे काम त्याला कमीपणाचे वाटते, म्हणून तो तिचे एकही काम न बघता येतो. ती तासभर उशिरा येते, हे खरे. मुलाखत फिसकटते, मग रस्त्यात अपघात होऊन त्याच्या डोक्याला लागते आणि तीच त्याला आपल्या घरी नेते. तिथे गुपिते काढायचा खेळ सुरू होतो. तो तिच्या संगणकातली डायरी चोरून वाचतो. अखेरीस कळते की तिचे दुखणे हा अभिनय होता. बायकोच्या मृत्यूबद्दलची त्याची कबुली मात्र तिच्या कॅमेऱ्यात राहिलेली असते.

आता फसवले दोघांनी, म्हणून दोघे सारखे? हा कुठला हिशोब? खोटे खरे वाटायला लावणे हा तर नटीचा धंदाच. पत्रकाराचा धंदा खरे शोधण्याचा. त्यातून तो आला आहे तिच्याच घरात, जखमेवर उपचारही तिनेच केलेले, आणि हा तिची डायरी उघडतो! तिने त्याची कबुली ठेवून घेतली हेही काही सोज्वळ नाही, एवढे मी भाच्याला कबूल केले. पण छापण्याची ताकद आधी कोणाच्या हातात होती?

आणि मुळात तयारी न करता यायचेच कशाला? आम्ही टाचण काढल्याशिवाय वर्गावर जात नव्हतो, मग पाठ विसाव्यांदा का शिकवायचा असेना. शाळेच्या एका समारंभाला वर्तमानपत्राचा एक तरुण माझी मुलाखत घ्यायला आला होता. पहिला प्रश्न, "बाई, तुम्ही काय शिकवायचात?" दुसरा, "फोटो कुठे काढू या?" दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडी जे वाक्य छापून आले ते मी जन्मात कधी बोललेले नव्हते. नातेवाईकांनी कात्रणे जपून ठेवली. मला आजही ते वाचवत नाही.

मूळ सिनेमा डच, २००३ सालचा, थिओ व्हान गॉगचा. २ नोव्हेंबर २००४ ला ॲमस्टरडॅममध्ये भर रस्त्यात त्यांचा खून झाला. बुशेमीने पुढे त्यांच्याच पद्धतीने, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून, हा सिनेमा पुन्हा केला. मूळ सिनेमातली नटी काट्या स्खूरमन ही खरोखरच मालिकेतून प्रसिद्धीला आलेली, आणि पात्राला नावही तिचेच. म्हणजे जिला ‘ही कसली नटी’ म्हणून मोडीत काढणे सोपे, तिच्याच हातून त्या शहाण्या पत्रकाराची फजिती. व्हान गॉगना ती दोघे सारखी वाटत होती, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

भाचा रविवारी पुन्हा येतो आहे. डच सिनेमा मिळाला तर घेऊन ये, म्हटले आहे. चहा या वेळी आधीच पिऊन घेऊ.