म्हातारी मरत का नाही?

गेल्या वीकांताला 'डुप्लेक्स' पुन्हा पाहिला. डॅनी डेव्हिटोचा, २००३ सालचा. बेन स्टिलर आणि ड्रू बॅरीमोर हे तरुण जोडपं ब्रुकलिनमध्ये झकास घर घेतं. फक्त वरच्या मजल्यावर एक म्हातारी भाडेकरू असते, नाममात्र भाड्यावर, आणि कायद्याने तिला हलवता येत नाही. ती मरेल या हिशोबाने हे घर घेतात. ती मरत नाही. मग शेवटी मारेकरी शोधण्यापर्यंत मजल जाते. मित्रमंडळी हसून हसून लोळली. मीही हसलो, पण या वेळी हसताना जरा घशात अडकलं.

कारण सांगतो. पण आधी मुद्दा.

मंडळी, या सिनेमात त्रासदायक कोण आहे? म्हातारी? ती तर आधीपासून तिथेच राहत होती. घर घेताना भाडेकरू आहे हे दिसत होतं, भाडं किती तेही माहीत होतं. म्हणजे तिच्या मरणावर पैज लावली आणि पैज हरायला लागल्यावर 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणून बोंब मारली. (शेवटी म्हातारीच महाबिलंदर निघते, मान्य. पण ते यांना कुठे माहीत होतं?) शूजित सरकारच्या 'गुलाबो सिताबो'त (२०२०) तेच. लखनौच्या हवेलीतला मिर्झा भाडेकरूंवर खेकसत असतो आणि मनातून स्वतःच्याच बेगमच्या मरणाची वाट बघत असतो.

आता मालकांची बाजू. ती खोटी नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. पन्नास वर्षं! ज्या भाड्यात जिन्यातला बल्बसुद्धा बदलता येत नाही, त्यात चाळ कोण दुरुस्त करणार? डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत. मग १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. पण ज्या मालकांनी घसघशीत पागडी घेतली, त्यांच्याच वारसांनी 'फुकट राहतात हो' म्हणून गळा काढायचा, हे काही पटत नाही. पागडी आजोबांनी खाल्ली, हिशोब मात्र आपण भाड्यापासून सुरू करायचा. वा!

आता घशात काय अडकलं ते.

माझं गाव साखरखेर्डा. सिंदखेडराजा तालुका, जिल्हा बुलढाणा. आमच्या गावाला 'जागा न सोडणाऱ्यां'चा इतिहास थोडाथोडका नाही. १७२४ च्या ऑक्टोबरात इथेच निजामउल्मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई झाली. दिल्लीला निजाम दख्खनमधून हलवायचा होता, तो हलला नाही. मुबारिझ खान पडला आणि पुढच्याच वर्षी बादशहाने निमूटपणे निजामालाच सुभेदारी देऊन टाकली. पुढे त्याच निजामाच्या वंशजांना तसाच भाडेकरू भेटला. इंग्रजांनी १८५३ साली वऱ्हाड 'व्यवस्थेसाठी' घेतला आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर लिहून घेतला, वर्षाला २५ लाख रुपये. मालक निजाम, कब्जा साहेबाचा. याला कोणी विनोदी सिनेमा म्हणत नाही, इतिहास म्हणतात!

तर आमच्या जुन्या घराची पुढची खोली. तिथे एक मावशी राहतात, ऐंशीच्या घरातल्या. नवरा शिवणकाम करायचा, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. भाडं महिना दीडशे रुपये. आम्हा चुलतभावांना घर विकायचंय आणि ती खोली आडवी येते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, पत्रे काढून टाकू. दुसरा म्हणाला, लाईट तोडू. आणि मी, पुण्यात बसून लॅपटॉपवरून, फार समजूतदारपणे लिहिलं, "भांडण नको. थांबू. अजून किती वर्षं काढणार त्या?"

च्यायला. म्हणजे मी बेन स्टिलरच की!

दिवाळीत त्यांच्याशी बोललो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आजोबानं सांगेल व्हतं बाबू, खोली तुमचीच समजा म्हणून." कागद नाही. आजोबांनी शब्द दिला, आम्ही तो घराबरोबर वारशात घेतला. भिंती तेवढ्या घ्यायच्या आणि शब्द सोडायचा, असं होत नाही.

आपण आयटीवाले स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर राहतो, डिपॉझिट कापलं की फेसबुकवर अन्यायाची पोस्ट टाकतो. मग फ्लॅट घेतला की भाडेकरूला 'बॅचलर नको, नॉनव्हेज नको' सांगतो. किल्ली या खिशातून त्या खिशात गेली की न्याय बदलतो काय?

मी भावांपुढे दोन पर्याय ठेवलेत. एक, मावशी हयात असेपर्यंत खोली त्यांची, तसं लेखी देऊ आणि घर त्या अटीसकटच विकू, किंमत कमी आली तर येऊ दे. दोन, त्या राजी असतील तरच, गावातच दुसरी खोली आमच्या खर्चाने. एक भाऊ तयार आहे. एक म्हणतो, तुला पुण्यात बसून काय जातंय? बरोबर आहे त्याचं. म्हणून पहिला तोटा माझ्या हिश्श्यातून धरा, असं काल ग्रुपवर लिहिलंय. दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर अजून नाही.